चंद्राच्या जुन्या छायाचित्रात बांधकाम दिसलं, तर ती जागा दुसऱ्या उन्हात पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लूनर ऑर्बिटर २ या यानानं १९६६ साली तिरक्या कोनातून टिपलेलं चंद्रावरच्या मारियस टेकड्यांचं छायाचित्र तुम्ही उतरवून घेतलंत, मोठं करून रात्र रात्र पाहिलंत आणि त्यात तीन गोष्टी तुम्हाला खटकल्या. एक म्हणजे घुमटांच्या रांगा. दुसरी, एका बाजूला उभा असलेला बारीक, चकचकीत मनोरा. तिसरी, मैदानातून गेलेली भिंतीसारखी लांबलचक वळी. ही कुणी बांधलेली असू शकतील का, आणि नसतील तर असं शोधत बसण्यात काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलं आहे. घरचे हसतात, असंही लिहिलं आहे.

मी २६ वर्षं हवाई आणि उपग्रह छायाचित्रं वाचायचं काम करते. पोटापाण्यासाठी पृथ्वीची, आणि गेली दहा-बारा वर्षं मनापासून चंद्राची. त्यामुळे आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. अर्थ आहे. पॉल डेव्हिस आणि रॉबर्ट वॅग्नर या अभ्यासकांनी काही वर्षांपूर्वी एका शोधनिबंधात हेच मांडलं होतं. चंद्राची लाखो छायाचित्रं खुली आहेत, तिथे वारा-पाऊस नसल्यानं वस्तू फार काळ टिकते, मग परग्रहावरच्या कुणी सोडलेल्या वस्तूंच्या खुणांसाठी ती चाळून पाहायला खर्च जवळजवळ नाहीच, असं त्यांचं म्हणणं. सापडण्याची शक्यता अगदी कमी आहे, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. तेव्हा हसणाऱ्यांना हसू द्या. पण शोध घ्यायचा तर समोरचं चित्र कसं तयार झालं ते माहीत हवं. चंद्रावरच्या बहुतेक ‘रचना’ चंद्रावर नसतातच, त्या फिल्मवर असतात.

लूनर ऑर्बिटर मालिकेत पाच यानं होती. ऑगस्ट १९६६ ते ऑगस्ट १९६७ या वर्षभरात पाचही गेली आणि पाचांनीही काम केलं. अपोलोला उतरायला सपाट जागा शोधणं हा मूळ हेतू होता, पण शेवटी चंद्राचा सुमारे ९९ टक्के पृष्ठभाग त्यांनी टिपला. त्या काळी आजच्यासारखा डिजिटल कॅमेरा नव्हता. यानात कोडॅकची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म होती आणि तिच्यासाठी दोन भिंगं होती, एक ६१० मिलिमीटरचं आणि दुसरं ८० मिलिमीटरचं. फिल्म यानातच धुतली जायची. त्यासाठी रसायनात भिजवलेली जिलेटिनची दुसरी पट्टी तिच्यावर दाबून चिकटवायची, काही मिनिटांनी सोडवायची, मग फिल्म वाळवायची. त्यानंतर प्रकाशाचा एक सूक्ष्म ठिपका त्या फिल्मवरून फिरायचा. एका खेपेला जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीची पट्टी वाचली जायची आणि तिचा संदेश रेडिओवरून पृथ्वीवर यायचा. इथे तो पुन्हा ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवायचा आणि त्या फिल्मचे तुकडे शेजारी शेजारी मांडून अख्खं चित्र जुळवायचं. चित्रांच्या एका जोडीला पाऊण तासाच्या आसपास लागायचं.

आता यात डाग पडायला जागा किती आहेत ते मोजा. रसायनाची पट्टी नीट चिकटली नाही की बुडबुडे आणि जाळीदार नक्षी उमटते. ती थोडी वाळली की कडेला झालर उठते. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर उजेड कमी-जास्त होतो, आणि तिथे टेकडीची कड कापली जाऊन एकदम ताठ, सरळ दिसते. लूनर ऑर्बिटर १ च्या मोठ्या भिंगाची सरकत्या जमिनीशी जुळणी बिघडली होती, म्हणून त्याची जवळून घेतलेली चित्रं ओढल्यासारखी फराटलेली आहेत. लूनर ऑर्बिटर ४ च्या भिंगापुढचं झाकण नीट उघडमीट करेना. त्यातून प्रकाश झिरपला, भिंगावर दव धरलं आणि कितीतरी चित्रांत धुकट उजेडाचे पुंजके उमटले. ‘चंद्रावरचे दिवे’ म्हणून फिरणारी एखादी प्रत तुमच्या हातात आली, तर ती कोणत्या क्रमांकाच्या यानाची आहे हे आधी विचारा.

तुमच्या मनोऱ्याबद्दल. तुम्ही पाठवलेला तुकडा मी मोठा करून पाहिला. मनोरा पट्टीच्या सांध्याला तंतोतंत समांतर आहे. त्याच्या पायथ्याशी जमीन उजळलेली नाही, पलीकडे सावली नाही. शेजारच्या सगळ्या टेकड्यांची सावली एका दिशेला पडली आहे, आणि त्यांच्याहून उंच असलेल्या या एकट्याचीच पडलेली नाही. शिवाय त्याची वरची कड टेकडीच्या कडेपेक्षा जास्त रेखीव आहे. एवढ्या अंतरावरची वस्तू भिंगातून येताना थोडी तरी मऊ होते. चित्रातल्या इतर सगळ्या वस्तूंपेक्षा जी जास्त रेखीव दिसते, ती भिंगातून आलेलीच नसते. हा फिल्मवरचा डाग आहे.

असा डाग नेमका कुठे पडला तेही काढता येतं. ती पडताळणी शक्य झाली तिच्यामागे एक गोष्ट आहे आणि ती मला फार जवळची वाटते. यानाचा मूळ संदेश पृथ्वीवर चुंबकीय फितींवरही नोंदवला गेला होता. अशा सुमारे दीड हजार फिती होत्या. त्या नष्ट होण्याची वेळ आली तेव्हा नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी त्या जपल्या. फिती वाचणारी अँपेक्स कंपनीची अवाढव्य यंत्रं त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली. पुढे डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांनी ती यंत्रं नासाच्या एम्स केंद्राच्या आवारात आणली, तिथल्या बंद पडलेल्या मॅकडोनल्डच्या इमारतीत मांडली आणि दुरुस्त केली. नोव्हेंबर २००८ मध्ये पहिलं चित्र बाहेर आलं. चंद्राच्या कडेवरून दिसणारी पृथ्वी, २३ ऑगस्ट १९६६ ची. जुन्या छापील प्रतीत जिथे नुसता काळा-पांढरा गोळा होता, तिथे या प्रतीत छटाच छटा होत्या.

आपल्या कामाला याचा उपयोग सरळ आहे. एखादी खूण फिल्मच्या प्रतीत आहे आणि फितीवरून काढलेल्या प्रतीत नाही, तर ती पृथ्वीवर पडलेली आहे. दोन्हींत असेल तर ती एक तर यानातल्या फिल्मवरची, नाहीतर चंद्रावरची. मग लागोपाठ घेतलेलं पुढचं छायाचित्र उघडायचं, कारण दोघांत बराच भाग सामाईक असतो. तिथेही खूण त्याच टेकडीच्या त्याच बाजूला दिसली, तरच पुढे जायचं. तुम्ही वापरलेली प्रत पट्ट्यांचे सांधे पुसून ‘स्वच्छ’ केलेली आहे. डोळ्यांना ती बरी वाटते, पण असली पुसापुशी करताना संगणक सांध्याजवळ स्वतःच्या अंदाजानं काहीतरी भरतो. पाहायला ती प्रत चालेल, पुराव्याला कच्चीच घ्या. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं, म्हणजे यूएसजीएसनं, मूळ फिल्म स्कॅन करून ठेवली आहे.

शेजारचं छायाचित्र पाहायची सवय मला नोकरीच्या पहिल्या वर्षी लागली. बुलढाण्याकडच्या हवाई छायाचित्रांवर मी काम करत होते. एका ठशावर सात काळे ठिपके एका ओळीत दिसले, जवळजवळ समान अंतरावर. बुजलेल्या जुन्या कालव्याकाठच्या विहिरी असाव्यात, असं माझं पक्कं मत झालं. टिपण लिहिलं, जीप मागवायची चिठ्ठीही लिहिली. आमच्या वरिष्ठांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “ताई, पुढचा फोटो लावा.” हवाई छायाचित्रं साठ टक्के एकमेकांवर येतील अशीच घेतात, त्यामुळे ते शेत पुढच्या ठशातही होतं. ठिपके नव्हते. निगेटिव्हवर काहीतरी घासून गेलं होतं. त्या शेतावर जीप गेली असती, शेतकऱ्याला आम्ही विहिरींबद्दल विचारलं असतं, आणि त्याच्या मनात नसता घोर लावून परत आलो असतो. तेव्हापासून एका छायाचित्रावर मी कधी मत देत नाही.

डाग बाजूला केले की उरतात सावल्या, आणि खरा चकवा तिथे आहे. या विषयातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लूनर ऑर्बिटर २ चंच आहे. २० नोव्हेंबर १९६६ रोजी त्यानं शांतिसागर या लाव्ह्याच्या काळसर मैदानाच्या पश्चिम भागात काही लांब, टोकदार सावल्या टिपल्या. काही दिवसांतच त्या वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात झळकल्या आणि त्यांना पुतळ्यांची, सुळक्यांची उपमा मिळाली. यान बनवणाऱ्या बोइंगच्याच एका संस्थेतले मानवशास्त्रज्ञ विल्यम ब्लेअर यांनी त्या टोकांमधल्या रेषा जोडल्या, तेव्हा त्यांना समद्विभुज आणि काटकोन त्रिकोण दिसले. पृथ्वीवर असं काही दिसलं असतं तर पुरातत्त्वज्ञांनी आधी तिथे चाचणीचे चर खणले असते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हा मनुष्य आदरणीय वाटतो. त्यानं ‘सापडलं’ म्हटलं नाही, ‘तपासा’ म्हटलं. बोइंगमधल्याच रिचर्ड शॉर्टहिल यांनी उत्तर दिलं, की चंद्रावर असे धोंडे रग्गड आहेत, मनाला येतील ते निवडत गेलं की कुठला तरी समूह आकृतीत बसतोच.

दोघांचं म्हणणं आपण हातानं तपासू शकतो. सात ठिपके घेतले तर त्यांतून पस्तीस त्रिकोण होतात. पस्तिसांत दोन बाजू जवळपास सारख्या असलेले चार-दोन त्रिकोण निघणार नाहीत तर काय? कागदावर डोळे मिटून सात ठिपके द्या आणि पट्टीनं मोजून पाहा. मी हे विद्यार्थ्यांकडून करवून घेते. एकाही वर्गात कुणाचा कागद रिकामा राहिलेला नाही.

आता सावलीची लांबी. त्या वेळी तिथे सूर्य क्षितिजापासून साधारण ११ अंशांवर होता. उन्हाळ्यात दिवस मावळताना नांगरलेल्या शेतात उभे राहा, मूठभर ढेकळाची सावली हातभर पडलेली दिसेल. ११ अंशांवर सपाट जमिनीवर सावली उंचीच्या पाचपट असते. सावली शंभर मीटर, तर वस्तू सुमारे १९ मीटर. ही झाली सपाट जमिनीची गोष्ट. जमीन सूर्याच्या विरुद्ध बाजूला नुसती ५ अंशांनी उतरती असली तर तीच शंभर मीटरची सावली पाडायला ११ मीटरचा धोंडा पुरतो. उतार ८ अंशांचा असेल तर पाच-साडेपाच मीटरचा. चंद्रावर ५ अंशांचा उतार वरून पाहताना कळतच नाही. म्हणून सावलीवरून उंची सांगायची तर आधी उतार मोजावा लागतो. १९६६ मध्ये तो मोजायला कुणाकडे काही नव्हतं, आज उंचीचे नकाशे कुणालाही मोफत मिळतात. टोकदारपणाचंही तेच. गोल, बुटक्या धोंड्याची सावलीसुद्धा कलत्या उन्हात भाल्यासारखी होते. सावली पाहून वस्तूचा आकार सांगायचा मोह आवरा.

दिवस वर आला की त्याच जागी काय उरतं, हा माझ्या मते या विषयातला एकमेव कळीचा प्रश्न. याच्या जोडीला दोन पूल सांगते. २९ जुलै १९५३ च्या रात्री न्यू यॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनचे विज्ञान संपादक जॉन ओनील यांना दुर्बिणीतून मेअर क्रिसियम या अशाच मैदानाच्या काठावर दोन भूशिरांना जोडणारा प्रचंड नैसर्गिक पूल दिसला. ब्रिटनचे नावाजलेले चंद्रनिरीक्षक ह्यू पर्सी विल्किन्स यांनीही दुजोरा दिला. पण ऊन बदललं की पूल नाहीसा व्हायचा. कलत्या उन्हानं दोन टोकांमध्ये घडवलेला तो देखावा होता, पुढे यानांच्या चित्रांत तिथे काहीही निघालं नाही. दुसरा पूल चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, किंग नावाच्या विवराजवळ. आदळण्याच्या उष्णतेनं वितळलेला खडक तिथे साचून थिजला होता, त्याचं छत दोन ठिकाणी कोसळलं आणि मधली कमान राहिली. रुंदी सुमारे ७ मीटर, लांबी वीसेक मीटर. २०१० मध्ये लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर, म्हणजे एलआरओ यानाच्या चित्रांत ती सापडली. कमानीखालून आलेली उन्हाची तिरीप खड्ड्याच्या तळावर पडलेली दिसते, आणि दुसऱ्या वेळच्या चित्रातही कमान जागच्या जागी असते. म्हणून हा पूल खरा.

तुमच्या घुमटांकडे येते. ते खरे आहेत. प्रत्येक प्रतीत आहेत, प्रत्येक उन्हात आहेत, तिथे असे शेकडो घुमट आहेत. मारियस टेकड्या हा चंद्रावरचा सगळ्यात मोठ्या ज्वालामुखी प्रदेशांपैकी एक, आणि पुढच्या अपोलो मोहिमांसाठी ही जागा विचारात होती ती याच घुमटांमुळे. घट्ट, सावकाश वाहणारा लाव्हा तोंडाशीच साचत गेला की असा फुगवटा तयार होतो. त्यांचे आकार-उंची एकमेकांशी जुळत नाहीत, काहींच्या माथ्यावर दुसरा खरखरीत थर आहे, मधले अंतर वेडंवाकडं आहे. रांग दिसते ती तिरक्या कोनामुळे. वरून घेतलेलं चित्र शेजारी ठेवलंत की रांग मोडते. तुमची लांब वळीही खरी आहे. लाव्ह्याचं मैदान थंड होताना आक्रसलं, दाबलं गेलं आणि त्याला सुरकुती पडली. चंद्राच्या सगळ्या ‘सागरां’त अशा सुरकुत्या आहेत.

‘सरळ रेघ म्हणजे माणसाचं काम’ ही समजूत महाराष्ट्रातल्या माणसानं तरी सोडायला हरकत नाही. धुळे-नंदुरबारकडे जा. मऊ खडक झिजून गेला आणि भेगांतून वर आलेला कठीण काळा पाषाण उभा राहिला. अशा भिंती माळावरून मैलोन् मैल सरळ धावतात, वरून तर गवंड्यानं दोरी धरून बांधल्यासारख्या दिसतात. जवळ जाऊन पाहिलं तर दगडाला आडव्या भेगा पडून विटांचे थरही दिसतात. या भिंती मी छायाचित्रांत मोजल्या आणि मग हात लावून पाहिल्या. निसर्ग सरळ रेघ ओढतो, काटकोनही करतो. त्यामुळे चंद्रावर नुसती सरळ भिंत दिसली की माझं काळीज हलत नाही. फ्रांझ फॉन ग्रुइटहुइझेन यांचं मात्र हललं होतं. १८२२ मध्ये म्युनिकहून छोट्या दुर्बिणीतून त्यांना श्रोटर विवराजवळ ओळीनं भिंती दिसल्या आणि त्यांनी ते शहर ठरवलं. मोठ्या दुर्बिणीत त्या उंचसखल कडा निघाल्या. त्यांची नजर उत्तम होती. दुसरं, चांगलं चित्र त्या काळी नव्हतं एवढंच.

मग माझं काळीज कशानं हलतं? हे कळायला आधी खरी बनवलेली वस्तू कशी दिसते ते पाहावं लागतं, आणि तिथूनच प्रत्येकानं सुरुवात करावी असं मला वाटतं. लूनर ऑर्बिटरच्या याच संग्रहात एक खरी वस्तू आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये लूनर ऑर्बिटर ३ नं आधीच उतरलेलं सर्व्हेअर १ हे यान टिपलं. दिसतं काय, तर एक पांढरा ठिपका आणि त्याला जोडून बारीक, लांब सावली. मनोरा नाही, घुमट नाही. कुणी दाखवलं नाही तर हजार वेळा नजरेखालून निसटेल. हे चित्र मी नवख्यांना पहिल्या दिवशी देते आणि वस्तू शोधायला सांगते.

त्यानंतर एलआरओची चित्रं घ्यावीत. हे यान जून २००९ मध्ये गेलं. त्याचा अरुंद कोनाचा कॅमेरा ५० किलोमीटर उंचीवरून एका पिक्सेलला अर्धा मीटर एवढं बारीक पाहतो. नंतर कक्षा बदलल्यानं दक्षिणेकडे ते बारीक राहिलं, उत्तरेकडे दीड-दोन मीटरपर्यंत ढोबळ झालं. अपोलोच्या उतरणयानांचे खालचे भाग त्यात स्पष्ट दिसतात. अंतराळवीरांच्या पायवाटा काळसर रेघांसारख्या दिसतात, कारण पायांनी वरची माती विस्कटली गेली. अपोलो १७ च्या जागेवर अर्धा तास घालवा. विवरं आणि धोंडे काही न मानता ती रेघ उपकरणांकडे जाते, वळते, परत येते. हेतू असलेली खूण अशी असते. सोव्हिएत लुनोखोद १ ही गाडी चाळीस वर्षं हरवल्यासारखी होती. २०१० मध्ये या चित्रांत तिचा ठिपका सापडला आणि महिन्याभरात तिच्या आरशावरून पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा उजेड परत आला. ४ मार्च २०२२ रोजी चंद्राच्या मागच्या बाजूला हर्ट्झस्प्रुंग विवरात एका रॉकेटचा टाकाऊ भाग आदळला. तिथे १८ आणि १६ मीटरची दोन विवरं एकमेकांत गुंतलेली निघाली. निव्वळ आकारावरून ‘हे वेगळं आहे’ असं म्हणावं, अशा थोड्या खुणांपैकी ती एक.

सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो आपल्याकडच्या उदाहरणाचा. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं विक्रम हे उतरणयान दक्षिण ध्रुवाच्या बाजूला आदळलं. १७ सप्टेंबरला घेतलेलं एलआरओचं चित्र खुलं झालं तेव्हा चेन्नईचे षण्मुग सुब्रमण्यन यांनी जुनं आणि नवं चित्र दोन लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवलं आणि जमिनीचा एकेक तुकडा ताडून पाहिला. त्यांना सापडला एक उजळ पिक्सेल. एकच! जुन्या चित्रात तो नव्हता. त्यांनी तो कळवला. कॅमेऱ्याच्या चमूनं ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये तीच जागा पुन्हा टिपली, आणि २ डिसेंबरला नासानं जाहीर केलं की अवशेष सापडले. हा पहिला तुकडा मुख्य जागेपासून वायव्येला सुमारे ७५० मीटरवर होता.

यातले आकडे लक्षात ठेवा. पहिल्या चित्रात सूर्य क्षितिजापासून फक्त ६ अंशांवर होता आणि पिक्सेल १.३ मीटरचा होता. नोव्हेंबरच्या चित्रात सूर्य १८ अंशांवर आणि पिक्सेल ०.७ मीटरचा. लांब सावल्यांच्या गर्दीत लपलेली जागा, आदळण्यानं उडालेली माती आणि विखुरलेले तुकडे, सगळं दुसऱ्या उन्हात उघडं पडलं. सुब्रमण्यन यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. होती ती तुमच्याकडेही आहे: चित्रं आणि चिकाटी.

नासा लपवते का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. १९६७ मध्ये चंद्राकडे पाहणारे देश दोन होते. त्यानंतर जपानचं कागुया, चीनची छांग-ए यानं, भारताची चांद्रयानं, कोरियाचं दानुरी अशा सगळ्यांनी स्वतंत्रपणे चंद्र टिपला. चांद्रयान-२ चा बारीक तपशील टिपणारा कॅमेरा तर शंभर किलोमीटर उंचीवरून एका पिक्सेलला पाव मीटर पाहतो, एलआरओपेक्षाही बारीक. इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर नाव नोंदवून ती चित्रं कुणालाही घेता येतात. शंका आली की दुसऱ्या देशाच्या यानाचं चित्र उघडा. वाद घालण्यापेक्षा ते लवकर होतं.

जमिनीवरून घेतलेलं चित्रही फसवतं. २०२१ च्या अखेरीस चीनच्या युतू-२ गाडीला फॉन कार्मन विवरात क्षितिजावर चौकोनी झोपडी दिसली, अंतर सुमारे ८० मीटर. जगभर चर्चा झाली. चिनी चमूनं काय केलं, तर गाडी वळवली आणि आठवड्यामागून आठवडे तिकडे नेली. जानेवारीत पोहोचल्यावर तो छोटासा दगड निघाला, बसलेल्या सशासारखा. युतू म्हणजेही चंद्रावरचा ससा, आणि आपण चंद्राला शशांक म्हणतो ते त्याच डागांवरून. माणसाच्या मेंदूला चेहरे, प्राणी आणि घरं आधी दिसतात, दगड नंतर. हा दोष नाही, नजरेची रीत आहे. ती प्रत्येकाची असते, माझीही आहे, म्हणून पडताळणी लागते.

आता तुम्ही काय करावं. एलआरओच्या चित्रांसाठी ‘क्विकमॅप’ नावाचा नकाशा ब्राउझरमध्येच उघडतो. हवी ती जागा धरा आणि तिथली सगळी बारीक चित्रं मागवा. प्रत्येकाबरोबर आपतन कोन दिलेला असतो. तो नव्वदाच्या जवळ म्हणजे सूर्य क्षितिजाशी, शून्याच्या जवळ म्हणजे डोक्यावर. एकाच जागेची किमान तीन निवडा: सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं. सकाळी डावीकडे पडणारी सावली संध्याकाळी उजवीकडे गेली पाहिजे. ती गेली नाही, तर ती सावली नाही. दुपारी सावली नाहीशी झाली तरी वस्तूचा स्वतःचा उजळपणा राहिला पाहिजे. खड्डा उंचवट्यासारखा भासू लागला तर चित्र असं फिरवा की ऊन वरच्या डाव्या कोपऱ्यातून येईल, डोळा ताळ्यावर येतो. आणि मोठं करताना थांबायचं कुठे ते ठरवून घ्या. एखादी वस्तू पाच-सहा पिक्सेलांपेक्षा लहान असेल तर तिला ‘आहे’ म्हणा, ‘कशी आहे’ म्हणू नका. जेपीईजी प्रतीत आठ-आठ पिक्सेलांचे चौकोन पडतात, त्यांतूनच ‘भिंती’ आणि ‘खिडक्या’ जन्माला येतात. मूळ फाइल जड असते, तरी तीच उतरवा.

पुढे कधी मदत लागली तर संगणकाचीही घेता येते. व्हॅलेंटिन बिकेल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये वीस लाखांवर चित्रं संगणकाकडून चाळून घेतली आणि दरडींवरून कोसळलेले १,३६,६१० धोंडे नोंदवले. वेगळं दिसेल ते उचल, असं शिकवलेल्या दुसऱ्या एका प्रणालीनं अपोलो १५ चं यान आपणहून ओळखलं. पण ती शिकायच्या आधी डोळा तयार करा.

जाता जाता तुमच्याच मारियस टेकड्यांबद्दल. लोक घुमट पाहत राहिले, मनोरे शोधत राहिले. २००९ मध्ये कागुयाच्या चित्रांत हारुयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे एक काळा ठिपका आढळला, दहा मीटरच्या पिक्सेलात जेमतेम सहा पिक्सेलांचा. त्यांनी तो वेगवेगळ्या उन्हात पुन्हा पुन्हा पाहिला. साध्या विवराला असते तशी उचललेली कड त्याला नव्हती आणि कलत्या उन्हात तो पूर्ण काळा राहायचा. ते खडकाच्या छताला पडलेलं भोक होतं, तोंड पन्नास-साठ मीटरचं, खोली किमान ४० मीटर. चंद्रावर खरोखरच काही विचित्र शोधायचं असेल तर याहून विचित्र काय हवं? खाली लाव्ह्यानं सोडलेली पोकळी असावी, असा अंदाज आहे. तुम्हाला खटकलेल्या टेकड्यांच्याच प्रदेशात ते आहे: अक्षांश १४.१ उत्तर, रेखांश ५६.८ पश्चिम. आधी सूर्य खाली असतानाचं चित्र उघडा, नुसता काळा गोल दिसेल. मग सूर्य डोक्यावर असतानाचं उघडा आणि तळाशी पडलेले धोंडे मोजा. किती मोजता आले आणि आपतन कोन किती होता, तेवढं मला लिहून कळवा.